कागद, वेशांतर, कॅमेरा की आकडे? अमेरिकेतल्या जुन्या शोधपत्रकारांपैकी कोणाची वाट धरावी

विषय हातात आहे. कारखान्यातले अपघात असतील, नगरपालिकेचं एखादं कंत्राट असेल किंवा बाजारात जोरात खपणारं औषध असेल. छडा लावायचा हे पक्कं आहे, कसा लावायचा ते ठरत नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला, तालुक्याच्या गावातल्या वार्ताहराला किंवा कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला हा प्रश्न पडतो, तेव्हा १८८७ ते १९१२ या काळातली अमेरिका जरूर पाहावी. रेल्वे, तेल, पोलाद आणि मांस या धंद्यांनी तो देश झपाट्याने बदलला होता, शहरं परदेशातून आलेल्या मजुरांनी भरली होती आणि कायदे फार मागे पडले होते. या दरीत उभं राहून ज्यांनी लिहिलं, मोजलं आणि फोटो काढले, त्यांना १४ एप्रिल १९०६ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चिडून ‘मकरेकर’, म्हणजे घाण उपसणारे, म्हटलं. नाव चिकटलं आणि सगळे एकाच गठ्ठ्यात बांधले गेले. त्यांच्या कामाच्या पद्धती मात्र एकमेकींपासून खूप वेगळ्या होत्या. कोणाची पद्धत कुठे चालते आणि कुठे तोंडघशी पाडते, हे आधी माहीत असेल तर वर्ष-दोन वर्षांची मेहनत वाचते.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पद्धत स्वतःच्या आवडीवरून निवडू नये, पुरावा कुठे पडला आहे ते बघून निवडावी. दुसरी गोष्ट अशी की पुरावा ज्या रूपात लोकांपुढे जातो, उपायही बहुतेक वेळा त्याच रूपात येतो. हे दुसरं ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिणाऱ्या सिंक्लेअर यांना फार महागात पडलं.

| कोण | पद्धत | प्रत्यक्ष वेळ | हाती काय लागलं | कमकुवत जागा |
|---|---|---|---|---|
| आयडा टार्बेल | सरकारी व कोर्टाचे कागद | सुमारे ३ वर्षं | कंपनीविरुद्धचा खटला, विभाजन | खर्च, जुना वैयक्तिक राग |
| नेली ब्लाय | वेशांतर | १० दिवस | ग्रँड ज्युरीची चौकशी | पाहणीआधी साफसफाई होते |
| अप्टन सिंक्लेअर | कामगारांत मिसळून कादंबरी | ७ आठवडे | मांस तपासणी कायदा | मूळ मुद्दा हरवला |
| लुईस हाइन | फोटो आणि नोंद | १९०८ पासून पुढे दशकभर | बालमजुरीविरोधी कायदे | मालकाचे हिशेब दिसत नाहीत |
| आयडा बी. वेल्स, क्रिस्टल ईस्टमन | दुसऱ्याच्या नोंदी मोजणे | काही महिने ते वर्ष | नाकारता न येणारे आकडे | मूळ नोंदच अपुरी असते |

कागदांची वाट: टार्बेल

स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीवरची टार्बेल यांची मालिका ‘मॅक्लूर्स’ मासिकात नोव्हेंबर १९०२ पासून ऑक्टोबर १९०४ पर्यंत चालली आणि १९०४ मध्येच दोन खंडांचं पुस्तक झाली. त्यांनी गुपित शोधून काढलं असं लोक मानतात. प्रत्यक्षात बरंचसं गुपित आधीच सरकारी कागदांत छापलेलं होतं, फक्त कोणी सलग वाचलं नव्हतं. १८७२ आणि १८७६ मधल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चौकश्या, रेल्वेवरची न्यूयॉर्कची १८७९ ची हेपबर्न समिती, ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९२ चा निकाल आणि अनेक खटल्यांतल्या साक्षी त्यांनी एका रांगेत मांडल्या. क्लीव्हलँडमध्ये जॉन सिडल हा सहायक त्यांच्यासाठी स्थानिक वर्तमानपत्रं, फोटो आणि माणसं धुंडाळत होता.

या पद्धतीचं बळ एका उदाहरणात दिसतं. १८७२ मध्ये ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ नावाची एक योजना रेल्वे कंपन्या आणि निवडक तेलशुद्धी कारखानदारांनी आखली. कच्चं तेल क्लीव्हलँडला न्यायचं भाडं पिंपामागे ८० सेंट. योजनेतल्या कारखानदाराला त्यातले ४० सेंट परत. इथपर्यंत ही मोठ्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट वाटते. पुढचं कलम भयंकर आहे: योजनेबाहेरच्या माणसाने स्वतःचं तेल नेलं आणि पूर्ण ८० सेंट भरले, तर त्यातलेही ४० सेंट योजनेतल्या कारखानदारांना मिळणार. म्हणजे प्रतिस्पर्धी स्वतःच्या खिशातून आपल्या गळ्याला फास घट्ट करणार. शिवाय कोणी कुठे किती माल पाठवला याची माहिती रेल्वेने पुरवायची. बोभाटा झाला, कंपनीची सनद काही महिन्यांतच रद्द झाली. पण दरम्यान क्लीव्हलँडमधल्या २६ पैकी २२ शुद्धीकरण कारखाने स्टँडर्ड ऑइलचे प्रमुख रॉकफेलर यांच्या हातात आले होते. टार्बेल यांनी करार, भाड्याचे दर आणि तारखा समोरासमोर ठेवल्या. वाचकाला विशेषणांची गरजच उरली नाही.

त्यांच्या कामाचा क्रम आजही जसाच्या तसा उचलता येतो. आधी त्या विषयावर झालेल्या सगळ्या चौकश्या, खटले आणि समित्यांची यादी करायची. मग अहवालाचा गोषवारा बाजूला ठेवून साक्षीच वाचायच्या, कारण खरा माल उलटतपासणीत असतो. प्रत्येक दाव्यासमोर दुसरा स्वतंत्र कागद लावायचा. शेवटी तो दावा समोरच्या बाजूकडे घेऊन जायचा. टार्बेल जानेवारी १९०२ पासून स्टँडर्डचे वजनदार अधिकारी हेन्री रॉजर्स यांना न्यूयॉर्कच्या २६, ब्रॉडवे इथे भेटत राहिल्या. रॉजर्स आपली बाजू सांगत, कागद दाखवत. काय लिहायचं हा अधिकार मात्र टार्बेल यांनी स्वतःकडे ठेवला. या भेटी कशा संपल्या तेही लक्षात घेण्याजोगं आहे. स्टँडर्डच्या एका कार्यालयात रद्दी कागद जाळायचं काम एका पोऱ्याकडे होतं. त्या कागदांत त्याला आपल्या रविवारच्या शाळेतल्या शिक्षकांचं नाव दिसलं. ते शिक्षक स्वतंत्र तेल व्यापारी होते, आणि त्यांच्या मालाच्या रवानगीची माहिती रेल्वेच्या कारकुनांकडून स्टँडर्डकडे पोचत होती. तो माल वाटेतच अडवायचा किंवा गिऱ्हाइकाला फोडायचं काम त्या माहितीवर चालायचं. स्वतंत्र व्यापारी वर्षानुवर्षं हीच तक्रार करत होते, पण ती तोंडी होती. आता तिला कागद मिळाला. टार्बेल यांनी तो छापला, रॉजर्स संतापले, कागद कुठून आला ते टार्बेल यांनी सांगितलं नाही.

परिणाम ठोस होता. १९०६ मध्ये सरकारच्या ब्यूरो ऑफ कॉर्पोरेशन्सने तेलवाहतुकीवर अहवाल दिला, नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने खटला भरला आणि १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी फोडायचा निकाल दिला. तिच्या ३४ कंपन्या झाल्या. त्या तुकड्यांचे शेअर वधारले आणि रॉकफेलर आणखी श्रीमंत झाले हेही खरं. कागदांची वाट रचना मोडते, माणसाला शिक्षा करतेच असं नाही.

ही वाट कुठे घसरते? पहिलं म्हणजे पैसा. मासिकाचे मालक सॅम्युएल मॅक्लूर यांच्या हिशेबाने टार्बेल यांचा एकेक लेख सुमारे ४,००० डॉलरला पडला, तोही मासिकाची किंमत १० सेंट असताना. दुसरं, त्यांचे वडील पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यातले स्वतंत्र धंदेवाले होते आणि स्टँडर्डच्या चढाईची झळ त्यांना बसली होती. कागदांनी बहुतेक ठिकाणी हा राग आवरून धरला. जिथे कागद तोकडे पडले तिथे तो निसटला. विधवा बॅकस यांचा कारखाना स्टँडर्डने कवडीमोलाने घेतला ही त्यांची कहाणी पुढच्या इतिहासकारांच्या तपासात टिकली नाही, मिळालेली किंमत वाजवी होती असं दिसलं. १९०५ मध्ये त्यांनी रॉकफेलर यांचं जे व्यक्तिचित्र लिहिलं, त्यात त्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यावर घसरल्या. तेवढ्या पानांनी कंपनीच्या वकिलांना बोलायला जागा दिली. ज्या विषयात स्वतःचं घर पोळलंय तिथे प्रत्येक हळवी गोष्ट दोनदा तपासावी, कारण पटकन विश्वास तिच्यावरच बसतो.

तुमच्या विषयावर पूर्वी एकदा तरी चौकशी, लेखापरीक्षण किंवा खटला झाला असेल, तर डोळे मिटून हीच वाट घ्या. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे चौकशी अहवाल आणि त्याची जोडपत्रं मागता येतात. मागताना जोडपत्रांचा उल्लेख वेगळा करावा, नाहीतर फक्त अहवालाची चार पानं हातात पडतात.

वेश बदलून आत जाणं: ब्लाय आणि सिंक्लेअर

हे दोघं एकत्र घेतले जातात, पण दोघांनी दोन निरनिराळी कामं केली.

नेली ब्लाय १८८७ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’साठी ब्लॅकवेल बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरल्या. ‘नेली ब्राउन’ या नावाने त्या बायकांच्या एका वसतिगृहात उतरल्या, रात्रभर झोपल्या नाहीत, बाकीच्या बायका घाबरल्या, मग पोलीस कोर्ट, बेलव्ह्यू रुग्णालयातले डॉक्टर आणि शेवटी बेट. खरी युक्ती पुढे आहे. आत गेल्यावर त्यांनी वेडाचं सोंग टाकलं आणि नेहमीसारखं वागायला सुरुवात केली. तरी कोणी सोडलं नाही. म्हणजे त्यांच्या तिथल्या प्रत्येक दिवसाने एकच गोष्ट सिद्ध केली, की इथले डॉक्टर रोग तपासतच नाहीत. १० दिवसांनी वृत्तपत्राच्या वकिलाने त्यांना बाहेर काढलं.

वेशांतराचा उत्तम उपयोग तो हाच: तुमचं तिथे असणंच परीक्षा ठरली पाहिजे. नुसतं आतून बघायला मिळेल म्हणून खोटं नाव घेऊ नये. आतले कर्मचारी, रुग्ण किंवा कामगार बाहेर येऊन तेच सांगू शकत असतील तर सोंगाची गरज नाही, आणि खोटेपणाचा ठपका मात्र कायमचा राहतो. ब्लाय यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोपांची चौकशी करणारं नागरिकांचं मंडळ, त्यांच्यासोबत बेटावर गेली, तोवर तिथे झाडझूड झाली होती आणि ज्या बायकांविषयी त्यांनी लिहिलं होतं त्यातल्या काही तिथे नव्हत्या. तरीही ज्युरीने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. पण दर वेळी असं नशीब साथ देत नाही. म्हणून आत असताना नावं, खाटांचे क्रमांक, जेवणाच्या वेळा, पाळीवरच्या माणसांची नावं त्याच दिवशी लिहून काढावीत, छापण्याआधी त्यातल्या दोन-तीन माणसांचे जबाब बाहेर घ्यावेत आणि बाहेर कसं पडायचं ते आत शिरण्याआधीच ठरवावं.

सिंक्लेअर यांची गोष्ट वेगळी. १९०४ मध्ये शिकागोच्या मांस कारखान्यांतला संप फसला. समाजवादी साप्ताहिक ‘अपील टू रीझन’ने ५०० डॉलर आगाऊ दिले आणि सिंक्लेअर त्या शरद ऋतूत ७ आठवडे पॅकिंगटाउन या मांस कारखान्यांच्या वस्तीत राहिले. जुने कपडे आणि हातात जेवणाचा डबा एवढ्यावर ते कारखान्यांत फिरत, कारण डबा घेतलेल्या माणसाला कोणी हटकत नसे. रात्री कामगारांच्या घरी बसून ऐकत. फेब्रुवारी १९०५ पासून ‘द जंगल’ क्रमशः छापली गेली. १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तक काढण्याआधी डबलडे, पेज या प्रकाशकांनी आपला वकील शिकागोला पाठवून मजकूर पडताळला. कादंबरी असूनही ही पडताळणी झाली म्हणून ते पुस्तक पुढच्या हल्ल्यात टिकलं.

रूझवेल्ट यांनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनॉल्ड्स यांना तपासाला धाडलं. घाण, सडकं मांस, थुंकी, शौचालयांची दुरवस्था, सगळं खरं निघालं. कढईत पडलेला कामगार चरबीसोबत डब्यात गेला, हा कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र सिद्ध झाला नाही. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणी कायदा आणि शुद्ध अन्न व औषध कायदा या दोन्हींवर सह्या झाल्या. सिनेटर बेव्हरिज यांच्या मसुद्यात तपासणीचा खर्च कारखानदारांकडून घ्यायचा आणि डब्यावर तारीख छापायची असं होतं. अंतिम कायद्यात दोन्ही गेलं. वर्षाला ३० लाख डॉलर सरकारी तिजोरीतून मंजूर झाले, आणि मोठ्या कारखानदारांना सरकारी खर्चाने परदेशी बाजारासाठी शुद्धतेचा शिक्का मिळाला.

कामगाराला काय मिळालं? काही नाही. सिंक्लेअर यांना लिथुआनियातून आलेल्या मजुराची पिळवणूक दाखवायची होती. मांसाचं वर्णन पुस्तकात थोडक्या पानांत आहे. पण मांस वाचकाच्या ताटात होतं आणि मजूर नव्हता. लोकांनी मजुराच्या मनगटाचा विचार केला नाही, स्वतःच्या पोटाचा केला, आणि कायदा पोटाचा झाला. तुम्ही जो सर्वांत किळसवाणा तपशील छापाल त्याच्यावरच उपाय होईल, हे गृहीत धरून लिहावं. मजुरी हा मुद्दा असेल तर पहिल्या पानावर मजुरीचा हिशेब असला पाहिजे.

कॅमेरा: रीस मागे ठेवा, हाइन घ्या

जेकब रीस यांचं नाव मोठं आहे. डेन्मार्कमधून १८७० मध्ये आलेला हा पोलीस वार्ताहर १८८७ मध्ये जर्मनीतून आलेल्या मॅग्नेशियमच्या फ्लॅशविषयी वाचून न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्यांत कॅमेरा घेऊन शिरला. आधी पिस्तुलासारख्या नळीतून बार उडवत, लोक घाबरून पळत, म्हणून पुढे तव्यात भुकटी पेटवायला सुरुवात केली. त्या नादात आगीही लागल्या. त्यांच्या १८९० च्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या पुस्तकाचा परिणाम मोठा झाला, मलबरी बेंडची वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. तरीही त्यांच्या पद्धतीचा पाठ आज गिरवू नये असं आमचं ठाम मत आहे. झोपेतून अचानक उजेडाने जागी झालेली माणसं, परवानगीचा प्रश्नच नाही, आणि शेजारच्या मजकुरात चिनी असे, ज्यू तसे, इटालियन असे, अशी जातीगणिक शेरेबाजी. फोटोतल्या माणसाचं नाव, भाडं, पगार क्वचितच.

लुईस हाइन १९०८ पासून राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी फिरले. त्यांच्याकडे फोटो हा नोंदीचा अर्धा भाग होता, उरलेला अर्धा मथळ्यात. डिसेंबर १९०८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या व्हिटनेल सूतगिरणीत काढलेल्या एका मुलीच्या फोटोखाली काय आहे पाहा. उंची ५१ इंच. गिरणीत एक वर्ष. कधीकधी रात्रपाळी. कताईच्या साच्याच्या ४ बाजू सांभाळते, रोज ४८ सेंट. वय विचारल्यावर आधी अडखळली, आठवत नाही म्हणाली, मग हळूच सांगितलं की कामाएवढं माझं वय नाही, पण करते. गिरणीत ५० कामगार, त्यातली दहा तिच्याएवढी. फोटो झाकून फक्त हा मजकूर कायदेमंडळात वाचला तरी चालतो.

हे मिळवायचे त्यांचे मार्ग साधे होते. बायबल विकणारा, पोस्टकार्डवाला, आगीची तपासणी करणारा, असं काही सांगून ते आत जात. स्वतःच्या कोटाची बटणं जमिनीपासून किती इंचांवर आहेत ते माहीत असायचं, मूल शेजारी उभं राहिलं की उंची कळायची. खिशात हात घालून कागदावर टिपणं करायची सवय होती. वयाचा वाद आला की कुटुंबाच्या बायबलमधल्या जन्मनोंदी किंवा विम्याचे कागद बघितले जात. मालकाचं ठरलेलं उत्तर असे की ही पोरं कामाला नाहीत, बहिणीला मदत करायला किंवा डबा द्यायला आलीत. त्याला तोड म्हणजे एकाच दारातून पाळी सुटताना आणि पाळी भरताना काढलेले फोटो, वेळ लिहून. डबा द्यायला आलेलं मूल पहाटे पाळीबरोबर आत जात नाही.

मर्यादा अशी की कॅमेऱ्याला हिशेबाची वही दिसत नाही. मालक कोण, नफा किती, कंत्राटदार कितवा, हे फोटोत येत नाही. आणि फोटो लवकर हलवतो, कायदा सावकाश हलतो. १९१६ चा बालमजुरीविरोधी कीटिंग-ओवेन कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला, देशपातळीवरचं टिकाऊ बंधन १९३८ च्या श्रम कायद्यात आलं. हाइन यांचं काम तोवर जुनं झालं नाही, कारण प्रत्येक फोटोला जागा आणि तारीख होती.

आकड्यांची वाट: वेल्स आणि ईस्टमन

पैसा कमी, वेळ कमी आणि समोरचा बलाढ्य असेल तर आम्ही हिला पहिला क्रमांक देतो. या यादीत तिचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं याचं वाईट वाटतं.

आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार मेम्फिसमधल्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या संपादक आणि भागीदार. मार्च १८९२ मध्ये त्यांचे स्नेही थॉमस मॉस आणि त्यांचे दोन सहकारी झुंडीने ठार मारले. मॉस यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला स्पर्धा झालं होतं. मे महिन्यात, वेल्स गावाबाहेर असताना, त्यांच्या छापखान्याची मोडतोड झाली. त्यांच्या जिवाला धोका होता, परत जाणं शक्य नव्हतं. मग पुरावा कुठून आणायचा? त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून आणला. ‘शिकागो ट्रिब्यून’ दरवर्षी झुंडबळींची यादी छापत असे. वेल्स यांनी ती यादी घेतली आणि प्रत्येक नावासमोर काय आरोप दिला आहे त्यानुसार वेगळी केली. गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार करणाऱ्यांनाच असं मारलं जातं, असा सगळीकडे प्रचार होता. मोजल्यावर दिसलं की सुमारे एक तृतीयांश प्रकरणांतच तसा आरोप तरी होता, सिद्ध होणं दूरच. बाकीच्यांत भांडण, उद्धट बोलणं, काहीच नाही. १८९५ च्या ‘रेड रेकॉर्ड’मध्ये हा सगळा हिशेब आहे. अतिशयोक्ती करते असं म्हणायची सोय त्यांनी विरोधकाला ठेवली नाही, आकडे त्याचेच होते.

हीच रीत कारखान्यांना लावली ती क्रिस्टल ईस्टमन यांनी, पिट्सबर्ग पाहणीत. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारी प्रत्येक अपघाती मृत्यूची नोंद ठेवतो. त्या नोंदींतून १ जुलै १९०६ पासूनच्या एका वर्षात ॲलेगेनी परगण्यात कामावर मेलेल्यांची यादी त्यांनी काढली: ५२६. पोलाद कारखाने १९५, रेल्वे १२५, खाणी ७१, इतर १३५. मग त्यांचं पथक एकेका घरी गेलं आणि दोन प्रश्न विचारले, अपघात कसा झाला आणि कंपनीने किती दिले. विवाहित मृतांच्या अर्ध्याहून अधिक कुटुंबांना १०० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, कित्येकांना काहीच नाही. कामगार निष्काळजी असतो म्हणून मरतो, हा मालकांचा युक्तिवाद प्रकरणागणिक तपासल्यावर फिका पडला. १९१० मध्ये न्यूयॉर्कने नुकसानभरपाईचा कायदा केला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो २४ मार्च १९११ रोजी रद्द केला. दुसऱ्याच दिवशी ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण मेले, त्यात बहुतेक तरुण मुली.

करायचं कसं, ते थोडक्यात. सलग कालखंड ठरवायचा, एक पूर्ण वर्ष उत्तम, म्हणजे सोयीचे महिने निवडले असा आरोप होत नाही. मोजायला बसण्याआधी वर्गवारी लिहून ठेवायची, नंतर बदलायची नाही. संशयास्पद नोंद आपल्या विरुद्धच्या रकान्यात टाकायची. मग किमान काही नोंदींच्या घरी स्वतः जायचं. नेहमी होणारी चूक म्हणजे ही शेवटची पायरी गाळणं. नोंदीत अपघाताचं कारण बहुधा मुकादमाने सांगितलेलं असतं, घरी गेल्याशिवाय दुसरी बाजू मिळत नाही. आणि मूळ नोंद अपुरी असते. ट्रिब्यूनच्या यादीत न पोचलेले बळी वेल्स यांच्याही हिशेबात नाहीत. आपला आकडा किमान आहे एवढंच म्हणावं.

अमेरिकेत झुंडबळींविरुद्धचा केंद्रीय कायदा २०२२ मध्ये झाला. लवकर निकाल हवा असेल तर ही वाट निराश करू शकते. पण इतक्या वर्षांत तिचे आकडे कोणाला खोडता आले नाहीत.

प्रयोगशाळा आणि शहरं, ओझरतं

औषध, खाद्यपदार्थ किंवा पाण्याचा विषय असेल तर सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स पाहावेत. ‘कॉलियर्स’मध्ये ऑक्टोबर १९०५ पासून त्यांनी पेटंट औषधांची रासायनिक तपासणी छापली. सर्दीपासून सगळ्यावर रामबाण म्हणून खपणाऱ्या ‘पेरुना’त सुमारे २८ टक्के मद्यार्क निघाला. त्याच सुमारास मार्क सुलिव्हन यांनी जाहिरातीच्या करारातलं एक कलम उघडं केलं: राज्यात औषधांविरुद्ध कायदा झाला तर जाहिरात रद्द. वर्तमानपत्रं गप्प का होती ते त्या एका ओळीत कळलं. मात्र जुन्या अहवालावर विसंबू नका. ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बोक यांनी डॉ. पिअर्स यांच्या औषधात अफू आणि मद्यार्क आहे असं एका जुन्या पृथक्करणावरून छापलं. ते चुकीचं निघालं, माफी मागूनही १६,००० डॉलर भरावे लागले. चालू बाटली, बिल, तुकडी क्रमांक आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळा, एवढं नसेल तर छापू नये. याच बोक यांनी १९०५ मध्ये बायकांच्या औषधासाठी प्रसिद्ध असलेल्या लिडिया पिंकहॅम यांच्या थडग्याचा फोटो छापला. जाहिराती बायकांना त्यांना पत्र लिहायला सांगत होत्या, आणि दगडावर मृत्यूचं साल होतं १८८३. त्याला प्रयोगशाळाही लागली नाही.

नगरपालिकेसाठी लिंकन स्टेफन्स. सेंट लुईसमध्ये ट्रॉली कंपनीच्या लाचेचे ७५,००० आणि ६०,००० डॉलर दोन बँकांच्या पेट्यांत पडून होते. प्रत्येक पेटीला दोन किल्ल्या, एक लाच देणाऱ्याच्या माणसाकडे, एक घेणाऱ्याच्या, म्हणजे काम झाल्याशिवाय कोणालाच उघडता येऊ नये. प्रकरणाला सुरुवात झाली ती एका स्थानिक वर्तमानपत्रातल्या दहा ओळींच्या बातमीवरून, आणि ते फोडलं सरकारी वकील जोसेफ फोक यांनी. स्टेफन्स नंतर पोचले. त्यांचं मोठेपण शहरामागून शहर शेजारी ठेवून सगळीकडे एकच यंत्रणा दाखवण्यात आहे. तुमच्या गावात आधीच लढणारा वकील किंवा नगरसेवक नसेल तर त्यांच्या पद्धतीने हाती फार लागणार नाही. डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांची १९०६ ची सिनेटवरची मालिका इतिहास म्हणून वाचावी. पुरावे पातळ आणि विशेषणं जाड. रूझवेल्ट यांना सगळ्यांवरच चिखल उडवायची संधी मिळाली ती तिच्यामुळे.

वाचायला कुठून घ्यावं

ही बहुतेक पुस्तकं प्रताधिकारमुक्त असून प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. टार्बेल यांचे दोन्ही खंड सलग वाचायचा हट्ट नको. पहिल्या खंडातलं साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीवरचं प्रकरण आणि मागच्या जोडपत्रातला तिचा करार शेजारी उघडून वाचा, कागदावरून वाक्य कसं उभं राहतं ते तिथे दिसतं. वेल्स यांची पुस्तिका एका बैठकीत होते. तिच्यातला वर्गवारीचा तक्ता आपल्या विषयासाठी वहीत आखून बघा. हाइन यांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मूळ मथळ्यांसह आहेत. आधी मथळा वाचा, मग फोटो उघडा. आणि आपल्याकडचा पहिला फोटो काढायला जाण्याआधी मथळ्याचे रकाने कागदावर तयार ठेवा: नाव, वय कशावरून, जागा, तारीख, पाळी, रोजची मजुरी, सोबत आणखी कितीजण.